अर्ध्या फुलांचं प्रदर्शन

माझ्या दिरांना सगळे चित्रकार म्हणतात. मी म्हणत नाही. नवऱ्याला मी अरेतुरे करते, दिरांना मात्र लग्न झाल्यापासून अहोजाहो. मान दिला की माणूस जरा लांब राहतो, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्यांची चित्रं मेंदूवर असतात. म्हणजे असं ते सांगतात. स्टुडिओत टेबलावर प्लास्टरचा एक मेंदू ठेवलेला, भिंतीवर कुणाच्या तरी डोक्याचे काळे-पांढरे फोटो, आणि एक पट्टा, जो कपाळाला बांधला की म्हणे लहरी मोजता येतात. तो पट्टा बांधून ते रंगवायचे. लहरी वर गेल्या की लाल, खाली गेल्या की निळा. मी एकदा विचारलं, ‘‘भाऊजी, मधेच शिंक आली तर?’’ त्यावर ते हसले नाहीत. अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीचा कोपरा, हा शब्द ते असा उच्चारायचे, जशी काही ती त्यांची सख्खी आत्या. माझ्या मावशीचे यजमान गेले तेव्हा भेटायला आले आणि रडणाऱ्या बाईला म्हणाले, ‘‘दुःख म्हणजे नुसती रसायनं असतात मावशी. काही महिन्यांत पातळी खाली येते.’’ मावशीने डोळे पुसले आणि मला विचारलं, ‘‘हा औषधं विकतो का गं?’’

माझा नवरा त्यांचा थोरला भाऊ. तोही चित्रंच काढायचा, पण शाळेच्या पुस्तकांतली. फुलाचा उभा छेद, बेडकाची पचनसंस्था, हृदयाचे कप्पे. बारीक निबाच्या पेनाने, एकेक रेघ मोजूनमापून. दीर त्याला ‘आकृतीवाला’ म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. ‘‘दादा, तू डोळ्यांनी काढतोस, मी मेंदूने काढतो.’’ नवरा म्हणायचा, ‘‘असेल बाबा.’’ शाळेत ह्याच छोट्याच्या जीवशास्त्राच्या वह्यांतल्या आकृत्या दादाच काढून द्यायचा, हे दोघांपैकी कुणीच कधी बोलून दाखवलं नाही. एकाला आठवत नव्हतं आणि दुसऱ्याला सांगायचं नव्हतं.

एका सकाळी नवरा कामाच्या टेबलावरच कलंडला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकान उघडायला निघाले होते, पायात चप्पल होती, पण अजून दारातच होते, म्हणून खुर्ची पडल्याचा आवाज ऐकू आला. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी झाली होती. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. बोलणं शाबूत होतं, उजवा हात शाबूत होता. आम्ही देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी आलो. मग हळूहळू लक्षात आलं की आणखी काहीतरी गेलंय.

तो अर्धीच दाढी करायचा. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर खुंट, आणि आरशात बघून समाधानाने मान हलवायचा. ताटातलं उजवीकडचं संपवून म्हणायचा, ‘‘आज एवढंच केलंस?’’ मी ताट फिरवलं की हरखून जायचा, जसं काही मी जादू केली. पेपरातल्या मथळ्यांचा अर्धाच भाग वाचायचा आणि म्हणायचा, पेपरवाल्यांना हल्ली भाषा येत नाही. मला वाटलं, नजर गेली. दुकानातला अक्षरांचा तक्ता घरी आणून भिंतीला लावला. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा त्याने खडाखडा वाचली, फक्त अर्ध्यापासून पुढची.

डॉक्टर म्हणाले, ‘‘डोळे ठणठणीत आहेत. पण डावीकडे जग आहे, हेच मेंदू विसरलाय. नाही दिसत असं नाही. बघायचंच सुचत नाही.’’

ज्या माणसाने जन्मात कुणाशी डावं-उजवं केलं नाही, त्याच्या नशिबी हे.

व्यायाम करून घ्यायला एक थेरपिस्ट बाई यायच्या. खणखणीत आवाजाच्या, कामाला चोख. त्यांनी घरालाच नियम घालून दिला. त्याच्याशी बोलायचं ते डाव्या बाजूला बसून. पाण्याचा पेला डावीकडे, घड्याळ डावीकडे, रेडिओ डावीकडे. कागद दिला तर त्याच्या डाव्या कडेला तांबडी पट्टी चिकटवायची आणि म्हणायचं, पट्टी सापडेपर्यंत नजर ने. ‘‘त्यांना चुकूनही मदत करू नका,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘शोधू देत. शोधता शोधता येईल परत.’’

नवरा हॉस्पिटलात होता तोवर दीर एकदाही आले नाहीत. कुणाकडून तरी फुलांचा गुच्छ पाठवला, बरोबर चिठ्ठीसुद्धा नाही. मेंदूचे तज्ज्ञ ते, पण सख्ख्या भावाचा मेंदू बिघडला तेव्हा त्यांना वेळ नव्हता. घरी आले तेव्हा नेमक्या थेरपिस्ट बाई नवऱ्याकडून घड्याळ काढून घेत होत्या. त्याने गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे उजवीकडे नीट बसवले. मग सातापासून पुढचेही तिथेच कोंबले, एकावर एक. डावी बाजू कोरी. आपलं काम झालं, अशा तोऱ्यात त्याने पेन्सिल खाली ठेवली.

दिरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षं ओळखते, पण तो माणूस एखाद्या गोष्टीकडे एवढ्या प्रेमाने बघताना मी कधी पाहिला नव्हता. भावाकडे नाही, कागदाकडे.

‘‘वहिनी,’’ ते कुजबुजले, ‘‘हे विलक्षण आहे.’’

‘‘घड्याळ आहे,’’ मी म्हटलं. ‘‘चुकलेलं.’’

तेव्हापासून दर शनिवारी यायला लागले. शनिवारी दुकानात गर्दी, मी सकाळपासून तिकडे. येताना ते जाड, दाणेदार, महागाचे कागद आणायचे, मऊ पेन्सिली आणायचे. नवरा शुक्रवारपासूनच वाट बघायचा. ‘‘छोट्या येणार आहे उद्या.’’ आधी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? म्हटलं, चला, उशिरा का होईना, पोटात माया तरी निघाली. शनिवारी संध्याकाळी मी परतले की नवरा थकलेला पण खुशीत असायचा. ‘‘आज फूल काढलं. मग छोट्याने स्वतःचा चेहरा काढायला लावला. किती आवडलं त्याला! लहानपणी सुद्धा माझं कधी इतकं नाही आवडलं.’’ कागद मात्र घरात एकही दिसायचा नाही. सगळे दीर घेऊन जायचे.

दरम्यान नवरा सुधारत होता, डाव्या हातापायातही जीव येत होता. एके दिवशी त्याने डावीकडचा पेला स्वतःहून उचलला. मग डाव्या गालावर वस्तरा पोचला. थेरपिस्ट बाईंनी काढायला लावलेल्या फुलाला डावीकडे दोन पाकळ्या फुटल्या. फिकट, घाबरत घाबरत काढलेल्या, पण फुटल्या. बाईंनी तो कागद मला दाखवला तेव्हा मी दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं गंभीरपणे ‘‘छान’’ म्हटलं आणि आत जाऊन रडले.

पण मग सुधारणा अडली. आठवडाभर बरा असायचा आणि रविवारी पुन्हा मान उजवीकडे. बाई म्हणाल्या, ‘‘मला कळत नाही. सोमवारी मी येते तेव्हा दोन पावलं मागे गेलेले असतात.’’

एका शनिवारी दुकानातली वीज गेली आणि मालकाने आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर बैठकीच्या खोलीची मांडणी बदललेली. नवऱ्याचं टेबल सरकवून डावीकडून भिंतीला टेकवलेलं. पेला, घड्याळ, रेडिओ, सगळं उजवीकडे. दीर उजवीकडे खुर्ची टाकून बसलेले. कागदावर तांबडी पट्टी नव्हती. आधी मी चिकटवून ठेवलेल्या पट्ट्या सोलून खाली टाकलेल्या. म्हणजे दर शनिवारी मी परतायच्या आत सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवलं जात होतं. नवऱ्याने मान जराशी डावीकडे वळवली, काहीतरी आठवल्यासारखी, तर दिरांनी चुटकी वाजवली.

‘‘तिकडे नको दादा. इकडे बघ. माझ्याकडे. हां. आता काढ.’’

आणि तो बिचारा त्यांच्याकडे बघून हसला.

मी पिशवी खाली ठेवली. ‘‘भाऊजी, हे काय चाललंय?’’

ते दचकले, पण क्षणभरच. ‘‘अरे वा, वहिनी! लवकर आलात. काही नाही, आमचं काम चाललंय.’’

‘‘टेबल कुणी हलवलं?’’

‘‘उजेडासाठी.’’

‘‘उजेड खिडकीतून येतो. ती डावीकडे होती, तिथे आता भिंत आहे.’’

ते उठले, मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि आवाज खाली आणला. ते समजावणीच्या सुरात बोलायला लागले की त्यांना वाटतं, समोरचा लहान मूल आहे. ‘‘वहिनी, तुम्ही चिडू नका. तुम्हाला कळतंय का दादाच्या मेंदूत काय घडलंय? लोक आयुष्यभर साधना करून जे मिळवू शकत नाहीत ते त्याला फुकट मिळालंय. अर्धं जग पुसून टाकणारी नजर! आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी जातेय. मागच्या दोन फुलांना डावीकडे पाकळ्या आल्या. काही उपयोग नाही त्यांचा.’’

‘‘उपयोग नाही?’’

‘‘म्हणजे मला म्हणायचंय, कलेच्या दृष्टीने. माझं प्रदर्शन अगदी जवळ आलंय. तोपर्यंत ते व्यायाम जरा सैल सोडले तर? त्या बाईंना सुट्टी द्या थोडी. नंतर आहेच की आयुष्य पडलेलं बरं व्हायला.’’

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं आजी म्हणायची, तेव्हा मला वाटायचं, ही नुसती बोलायची पद्धत. माझ्या स्वयंपाकघरात तो माणूस ओट्याला टेकून उभा होता, आणि माझा नवरा तर अजून मढंसुद्धा झाला नव्हता.

‘‘भाऊजी,’’ मी म्हटलं, ‘‘तुमच्या त्या पट्ट्याने लाज मोजता येते का?’’

‘‘काय?’’

‘‘नाही, सहज विचारलं. येत असेल तर बांधून बघा. रेघ सरळच येईल.’’

त्यांचं नाक लाल झालं. ‘‘तुम्ही चष्मे विकता वहिनी. तुम्हाला ह्यातलं काही कळायचं नाही.’’

‘‘बरोबर आहे. चालते व्हा.’’

बाहेर आलो तर नवरा टेबलाची कड उजव्या हाताने धरून ते भिंतीपासून ओढायची धडपड करत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. कान दोन्ही बाजूंचे चांगले होते. दिरांनी कागद गोळा केले, एकूण एक, आणि ‘‘येतो दादा’’ म्हणून गेले. नवरा म्हणाला, ‘‘पट्टी कुठे आहे गं? चिकटवून दे.’’

त्यानंतर तो असा काही व्यायामाला लागला की थेरपिस्ट बाईच त्याला थांबा म्हणायला लागल्या.

प्रदर्शनाचं निमंत्रण आलं ते फोनवर, गॅलरीच्या कुणा मुलीकडून. मी म्हटलं, जायचं नाही. नवरा म्हणाला, ‘‘जायचं. माझी चित्रं भिंतीवर कशी दिसतात ते बघायचंय.’’ काठी घेऊन, माझ्या दंडाला धरून, स्वतःच्या पायांनी तो आला. डावा पाय जरा ओढत होता, एवढंच.

मोठी पांढरी खोली. भिंतीभर कॅनव्हास, माणसापेक्षा उंच. अर्धी फुलं. अर्धे चेहरे. सगळे आकडे एका बाजूला लोटलेली घड्याळं. रेघ न् रेघ माझ्या नवऱ्याची. देठाला जिथे त्याचा हात थरथरला होता, ती थरथरसुद्धा मोठी करून, काळ्या रंगाने गिरवलेली. दिरांनी स्वतःचं काय घातलं होतं म्हणाल तर मागचा राखाडी रंग आणि खाली कोपऱ्यात सही. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात, त्या सुद्धा ह्यांनी स्वतः ओढल्या नव्हत्या.

दाराशी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की, कलाकाराने दीर्घ साधनेने आपल्या मेंदूचा उजवा भाग जाणीवपूर्वक शांत करून ही मालिका साकारली आहे. मी ते दोनदा वाचलं. सवयीने डाव्या टोकापासून वाचलं.

काळे कपडे घातलेले लोक मान तिरकी करून उभे होते. एक जण म्हणत होता, ‘‘इथे जे नाही तेच बोलतंय.’’ दुसरा म्हणाला, ‘‘भयंकर शांत आहे.’’ एक बाई डोळे मिटून चित्र बघत होती. मिटून! दुकानात असं कुणी केलं तर आम्ही आधी पाणी देतो.

आम्हाला बघून दिरांच्या हातातला ग्लास डुचमळला. पण उथळ पाणीच ते, खळखळायला किती वेळ लागणार? क्षणात पुढे झाले, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘मित्रांनो, माझे थोरले बंधू. नियतीने ह्यांना अर्ध्या जगात नेऊन सोडलं. मी तिथे माझ्या कलेने पोचलो. ह्यांच्या वेदनेने मला प्रेरणा दिली.’’

लोकांनी हळहळत टाळ्या वाजवल्या. गॅलरीची मालकीण लगबगीने आली, गळ्यात खड्यांची जड माळ. ‘‘खरंच? ह्यांना अजूनही असंच दिसतं? मग आत्ता काढतील का काही? सगळ्यांसमोर? केवढं प्रामाणिक होईल ते!’’

‘‘नको, ते दमलेत,’’ दीर घाईघाईने म्हणाले.

‘‘मी नाही दमलो,’’ नवरा म्हणाला.

कुठूनतरी कागद आला, फळी आली, खुर्ची आली. लोकांनी कोंडाळं केलं. कुणीतरी दिवा वळवला. नवऱ्याने खिशातून स्वतःची पेन्सिल काढली. आधी तो नुसता कागदाकडे बघत राहिला. मग त्याची नजर हळूच डावीकडे सरकायला लागली, चाचपडत, पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखी. कडेला पोचली, थांबली. तिथे पट्टी नव्हती. तरी त्याला कड सापडली. आणि त्याने तिथूनच सुरुवात केली.

फूल काढलं. अख्खं. पाच पाकळ्या, मधे छेद, अंडाशय, पुंकेसर, देठ. मग दोन्ही बाजूंना सरळ रेघा ओढल्या आणि प्रत्येक भागापुढे सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलं. पुस्तकात छापतात तसं. डाव्या बाजूची अक्षरं जरा हलली होती, पण मी चष्म्याशिवाय वाचली.

माझ्या छातीत काय झालं ते मी सांगत नाही. रसायनं असतील.

माझ्या शेजारची बाई, तीच डोळे मिटणारी, मनापासून वाईट वाटून म्हणाली, ‘‘अरेरे. बरे झालेत वाटतं.’’

खोटं नाही सांगत. अरेरे म्हणाली. आणि तिच्या आसपासच्या चार माना होकारार्थी हलल्या. गॅलरीवाली कसंनुसं हसत होती, लग्नात फ्रॉक फाटलेल्या करवलीसारखी. कुणीतरी मोबाईल खाली घेतला. ह्याचा फोटो काय काढायचा?

दीर मात्र पडले तरी नाक वर असणारे. त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि म्हणाले, ‘‘बघा. मेंदू पुन्हा खोटं बोलायला शिकला.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. आधीपेक्षा मोठा.

नवरा पेन्सिल खिशात ठेवून उठला. मी त्याच्या डावीकडे गेले. आम्ही त्याचा कोट घ्यायला मागच्या खोलीत गेलो तर दीर मागोमाग. तिथे लोक नव्हते, त्यामुळे आवाज एकदम घरचा झाला होता. ‘‘दादा, तुला राग नाही ना आला? हे बघ, मी विचार करतोय, खाली बारीक अक्षरांत तुझंही नाव घालू. ‘मूळ रेखाटन’ असं. तुला चालेल ना?’’

नवऱ्याने कोटाच्या डाव्या बाहीत हात घालायला वेळ घेतला. मी मदत केली नाही, बाईंचा नियम. हात गेला, मग तो म्हणाला, ‘‘माझं नाव नको.’’

‘‘अरे, मोकळेपणाने सांग.’’

‘‘मोकळेपणानेच सांगतोय. ते काम अर्धवट आहे छोट्या. मी आजारी होतो, जमलं नाही, म्हणून अर्धवट राहिलं. अर्धवट कामाखाली मी कधी नाव घातलं नाही. तुला चालत असेल तर तुझं राहू दे.’’

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. पण माझ्या डोळ्यांदेखत दिरांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला. अगदी खराखुरा. ‘‘तू खरंच मोठा आहेस दादा,’’ असं म्हणून त्यांनी त्याला मिठी मारली आणि लगेच बाहेर गेले, कारण बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

त्या मालिकेला बक्षीस मिळालं. थेरपिस्ट बाईंनी पेपरातला फोटो बघितला, घड्याळ ओळखलं आणि मला विचारलं, तक्रार करायची का? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘कशाची? माझं बिघडलेलं घड्याळ चोरलं म्हणून?’’ बाई चहा पिता पिता इतक्या हसल्या की ठसका लागला. मी नाही हसले. मला तक्रार हवी होती. अजूनही हवी आहे. पण ती माझी नाही, त्याची आहे, आणि तो करणार नाही.

दीर हल्ली स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात जातात, असं कानावर आलंय. जाताना जाड कागद नेतात. तिथली म्हातारी माणसं म्हणे त्यांची वाट बघतात. आश्रमाच्या व्यवस्थापिकेला मी फोन करून सांगितलं, काय बघायचं आणि कुठे बघायचं ते. बाई शहाण्या निघाल्या. आता ते चित्रं काढून घेतात तेव्हा एक परिचारिका शेजारी बसते आणि कागद तिथेच राहतात. ऐकलं की दोन आठवड्यांतच त्यांच्या भेटी कमी झाल्या.

आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत. यायचं कारण उरलं नव्हतं. नवऱ्याला प्रकाशकाने पुन्हा काम द्यायला सुरुवात केली, पहिलं गांडुळाचं. सोपं म्हणून दिलं, हे ओळखून तो दुखावला आणि ते त्याने मुद्दाम दुप्पट बारकाईने काढलं.

परवा दुपारी मी सुट्टीवर होते. तो टेबलाशी, मी खिडकीत. काम करता करताच, मान वर न करता त्याने विचारलं, ‘‘इतके शनिवार आला छोट्या. त्यातला एखादा तरी माझ्यासाठी आला असेल का गं?’’

बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘हं,’’ तो म्हणाला. ‘‘मलाही तसंच वाटलं.’’ मग त्याने निब पुसलं, दौतीत बुडवलं आणि पुढच्या रेघेला लागला.